पोथीच्या बासनातली फीची पावती

मित्रांनो, तुमच्या घरात पोथी असेल तर ती कशात ठेवली आहे, ते एकदा जाऊन बघा. आता बहुतेक घरांत चेनची पिशवी असते. पूर्वी मात्र प्रत्येक पोथीला एक चौकोनी लाल कापड असायचं. पोथी मधोमध ठेवायची, चारही कोपरे आळीपाळीने तिच्यावर घ्यायचे आणि एका कोपऱ्याला शिवलेली दोरी भोवती दोनदा फिरवून गाठ मारायची. या कापडाला बासन म्हणतात. मी तसलंच एक बासन आहे. माझा लाल रंग उडून मातकट झाला आहे, एका बाजूला समईच्या तेलाचा डाग आहे, दोरी दोनदा बदलून झाली आहे. पण ज्या घरात शिवला गेलो त्याच घरात अजून आहे, आणि हे काही प्रत्येक कापडाच्या नशिबी नसतं.

माझं कापड शहापूरच्या बाजारातलं. सापगावच्या सुंदराबाई घरत यांनी १९९१ साली सव्वा वार लाल खारवा घेतला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, दीड वार घ्या, धुतल्यावर आटतो." सुंदराबाई म्हणाल्या, "पोथीचं कापड धुवायची पाळीच कशाला येतेय? आमच्याकडं पोथीला हात लावायच्या आधी हात धुतात." सव्वा वारच घेतला. गावातल्या हरिनाम सप्ताहाला पंधरा दिवस राहिले होते. सप्ताहात घरोघरच्या पोथ्या देवळात जातात आणि सात दिवस त्यांचं पारायण होतं. घरतांच्या पोथीला जुन्या धोतराचा तुकडा होता, आणि तो चारचौघांत न्यायची सुंदराबाईंना लाज वाटायची.

चार संध्याकाळी बसून त्यांनी मला हाताने शिवलं. सुईत दोरा ओवून द्यायला सात वर्षांची कुणाली शेजारी बसायची. पोरगी डावखुरी. माझी पहिली गाठ तिनेच मारली, आणि ती उलटी बसली. सुंदराबाईंचे यजमान कमळाकर पोथी सोडायला बसले तर गाठ सुटेना.

"ही गाठ कोणाची?" ते म्हणाले.

"माझी, बाबा."

"चोर आला तरी पोथी नाय नेणार. इथंच बसून राहील बिचारा."

हे घर मला फार आवडायचं. कमळाकर महामार्गावरच्या एका कारखान्यात मशीनवर होते, आणि घरची थोडी भाताची जमीन होती. गावच्या भजनात ते टाळ वाजवायचे. कुणाली आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान भावेश, अशी दोन मुलं घरात होती. पण मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. कुणाली ही कमळाकरांच्या थोरल्या भावाची, देवजीची मुलगी. तिची आई बाळंतपणात गेली आणि ती दोन वर्षांची असताना देवजी काविळीने गेला. देवजी भजनात पखवाज वाजवायचा. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसायचे, आणि धाकट्याचा टाळ कधी चुकला तर थोरला पखवाज न थांबवता नुसता डोळ्यांनी दटावायचा, असं सुंदराबाई सांगायच्या. मी काही देवजीला पाहिलेलं नाही.

भावेश कमळाकरांना बाबा म्हणायला लागला, म्हणून कुणालीही म्हणायला लागली. कोणी तिला थांबवलं नाही. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा कमळाकरांनी गुरुजींना सांगितलं, कुणाली देवजी घरत. गुरुजींनी तसं लिहिलं. घरात बाबा एक आणि दाखल्यावर दुसरे, याचा कुणालाही कधी त्रास झाला नाही.

आमच्या घरची एक रीत होती. घरात कुठलाही महत्त्वाचा कागद आला की तो आधी देवापुढे ठेवायचा, सुंदराबाई त्याला कुंकवाचं बोट लावायच्या आणि मग तो पोथीखाली माझ्यात जायचा. सातबारा, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, सगळं माझ्या पोटात. देवाच्या राखणीत कागद हरवत नाही, असा त्यांचा विश्वास. त्यामुळे मी पोथीचं बासन होतो आणि घरचं दप्तरही होतो. दिवेलागणीला कुणाली माझी गाठ सोडायची, अध्याय वाचायची आणि पुन्हा बांधायची. तिचा आवाज स्वच्छ होता. वैशाखऱ्याचे विठूबुवा दरवर्षी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन करायला यायचे. एकदा त्यांनी मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "शिलाई बघा कशी एकसारखी हाय. आमच्या कीर्तनाला एवढी शिस्त असती तर!" सगळे हसले. मी त्या वर्षी फुगून गेलो होतो, हे कबूल करतो.

कुणाली शिकत गेली. शहापूरला बी.एस्सी. झाली आणि २००५ साली पुण्याला एम.एस्सी.ला लागली. विषय सूक्ष्मजंतूंचा. विनाअनुदानित तुकडी, त्यामुळे फी भारी होती. कमळाकरांनी चौतीस हजार पाचशे रुपये भरले. पावतीला कुंकू लागलं, नेमकं कॉलेजच्या शिक्क्यावर, आणि ती माझ्यात आली.

घर ओकं झालं. पोथी आता सुंदराबाई वाचायच्या, अडखळत, बोट ठेवून. गाठ सरळ बसायची आणि एका झटक्यात सुटायची. मला त्या उलट्या गाठीची सवय होती. संध्याकाळ झाली की वाटायचं, आता बोटं येतील. सुंदराबाईंनाही तसंच काहीसं होत असावं, कारण पोथी वाचताना मध्येच थांबून त्या दाराकडे बघायच्या.

पौष महिन्यात कमळाकरांच्या कारखान्यात एक फॉर्म वाटला गेला. पगारातून इन्कम टॅक्स कापतात, त्यात काय काय सूट मिळते ते त्यात लिहायचं होतं. त्यात एक ओळ होती, मुलांच्या शिक्षणाच्या फीची. पूर्णवेळ शिकणाऱ्या दोन मुलांपर्यंत.

"अवो, म्हणजे फी भरली ती सरकार परत देतंय?" सुंदराबाईंनी विचारलं.

"परत नाय देत. तेवढ्यावरचा टॅक्स घेत नाय."

"तेवढं तरी कशाला सोडायचं? लिवा."

कमळाकरांनी चटईवर बसून फॉर्म भरला. कुणालीचं नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, मुलगी. लिहिताना पेन कुठे थांबलं नाही. त्यांनी दुसरा काही विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोथी काढून धुतलेल्या टॉवेलात ठेवली आणि सगळ्या पावत्या माझ्यात बांधून मला सोबत घेतलं. घरात फाइल नव्हतीच, आणि फीची पावती ते साध्या पिशवीत कशी नेतील? माझ्या आयुष्यात गावाबाहेर मी तेवढाच एकदा गेलो. जीपमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतलं. शेजारच्या म्हातारीने लाल कापड बघून पाय आखडून घेतले आणि मला हात लावून नमस्कार केला. कमळाकर तिला सांगू शकले नाहीत की आत टॅक्सच्या पावत्या आहेत.

कारखान्याच्या टाइम ऑफिसात साईनाथ नावाचा कारकून होता. त्याने टेबलावर मला बघितलं.

"घरतदादा, आज पूजा घालताय का हितं?"

"पावत्या हायेत रे."

तरी साईनाथने चहाचे हात रुमालाला पुसले आणि मगच गाठ सोडली. फीची पावती उजेडात धरली. "शिक्क्यावर कुंकू कोणी लावलं? साहेबाला वाटेल कॉलेजचं लगीन लागलं." मग तो कामाला लागला. "दादा, चौतीस पाचशे भरलेत, पण सूट फक्त शिकवायच्या फीची. लॅब, लायब्ररी, डिपॉझिट, डेव्हलपमेंट फंड, ते सगळं बाहेर. अठ्ठावीस हजार धरतो."

"धर."

"म्हणजे टॅक्स वाचला अठ्ठावीसशे, आणि वर थोडा."

कमळाकरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तिची मेस महिना नवशे हाय. तीन महिने जेवली पोरगी."

साईनाथने मान डोलावली, पावतीवरचं नाव फॉर्मवरच्या नावाशी ताडून बघितलं आणि थांबला.

"कुणाली देवजी. दादा, तुमी तर कमळाकर."

"देवजी माझा भाऊ. वारला तो."

"मग ही तुमची पुतणी."

"घरात मुलगीच हाय. दोन वर्षांची होती तवापासून."

"तसं नाय दादा. सूट स्वतःच्या मुलांची. दत्तक घेतलीय का? काय कागद हाय?"

"घरच्या पोरीला दत्तक काय घ्यायचं? ती काय परक्याची हाय?"

मित्रांनो, साईनाथ माणूस वाईट नव्हता. आमच्याकडच्या गावांत भावाचं लेकरू वाढवायला कोणी कोर्टात जात नाही, हे त्यालाही माहीत होतं. त्याच्या स्वतःच्या घरीही तसंच असेल. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

"असं करा. गेटबाहेर बुधूकडं जावा न पावतीची झेरॉक्स काढा. काढताना मधल्या नावावर कागदाची पट्टी ठेवायला सांगा. नुसतं कुणाली घरत येईल. मी ती लावतो फॉर्मला. वर कोण बघत नाय."

कमळाकर मला काखेत घेऊन गेटबाहेर गेले. बुधूने पावती काचेवर ठेवली, कोऱ्या कागदाची बोटभर पट्टी फाडली आणि देवजीच्या नावावर बसवली. झाकण पडलं, हिरवा उजेड फिरला आणि कागद बाहेर आला. कुणाली, मग बोटभर पांढरी जागा, मग घरत. पट्टी अगदी बरोबर बसली होती. कुंकवाचा डागसुद्धा काळा होऊन उमटला होता.

कमळाकर त्या पांढऱ्या जागेकडे बघत उभे राहिले. मागे दोन माणसं खोळंबली.

"चुकली का, दादा?" बुधूने विचारलं. "दुसरी काढू?"

"नाय, बरोबर आलीय," कमळाकर म्हणाले. त्यांनी एक रुपया दिला आणि ती झेरॉक्स तिथेच चार तुकडे करून खोक्यात टाकली.

ऑफिसात परत येऊन त्यांनी साईनाथकडून पेन मागितलं. फॉर्मवरच्या मुलगी या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, पुतणी.

"दादा, अठ्ठावीसशे सोडता?"

"देवजी गेला तवा त्याच्या तोंडावर चादर मीच ओढली होती," कमळाकर म्हणाले. "परत नाय झाकायचा त्याला."

खोडलेल्या जागी सही लागते, ती साईनाथने घेतली. फॉर्मची एक प्रत कमळाकरांना दिली आणि माझी गाठ त्याने स्वतः बांधली.

घरी सुंदराबाईंनी विचारलं, "झालं का?"

"नियमात नाय बसलं," एवढंच ते म्हणाले. हातपाय धुतले, पोथी माझ्यात ठेवली, तिच्याखाली तो कागद ठेवला. मी सगळं ऐकलं होतं, पाहिलं होतं. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाईट वाटलं की मला तोंड नाही. आणि अजून काहीच घडलं नव्हतं.

माघात सप्ताह आला. कुणाली रजा काढून आली. वेणी सोडून केस कापले होते म्हणून सुंदराबाईंची बोलणी खाल्ली, भावेशला पुण्याची बिस्किटं दिली आणि हात धुऊन देवघरात आली. पोथी देवळात न्यायची होती. तिने माझी गाठ सोडली. मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही.

पोथी उचलताना खालचा कागद सरकला. तिने तो उलटा करून वाचला. मुलगी या शब्दावर रेघ. वर पुतणी. शेजारी बाबांची सही, ज्या सहीने तिचं प्रत्येक प्रगतिपुस्तक शाळेत गेलं होतं, तीच. तिने कागद होता तसा ठेवला, पोथी माझ्यात बांधली आणि आतून हाक मारली.

"काका, पोथी तयार आहे. न्यायची का?"

बाहेर सुंदराबाईंच्या हातातलं सूप थांबलं. भावेशने मान वर केली. कमळाकर अंगणात टाळांच्या दोऱ्या बांधत होते. त्यांनी ती हाक ऐकली, हातातल्या दोरीची गाठ पुरी केली आणि म्हणाले, "न्यायची."

एकानेही विचारलं नाही. तिने विचारलं नाही की हे का खोडलं. त्यांनी विचारलं नाही की हे काका कुठून आलं. त्यांना वाटलं असेल, पोरगी मोठी झाली, शिकली, आता खरं नातं तिला कळायला लागलं, तर आपण कोण अडवणार. मी त्यांच्या दोघांच्या मधे, तिच्या हातांत होतो.

सातव्या दिवशी विठूबुवांनी काल्याचं कीर्तन केलं. मी व्यासपीठाशेजारच्या पाटावर, पोथीच्या अंगावर होतो. अहाहा, काय कीर्तन झालं. बुवांचा आवाज तेव्हा साठीतही असा लागायचा की देवळाचे वासे भरून जायचे. त्यांनी गोकुळाची कथा घेतली. बुवा म्हणाले, "आपल्याला वाटतं गोकुळात नुसतं दही न लोणी. तसं नाय. तिथं पण टॅक्स होता." माणसं हसली. "तो गवळ्यांचा म्होरक्या, ज्याच्या घरी देव वाढत होता, तो वर्षाचा कर भरायला मथुरेला गेला. कर भरून झाला. बिऱ्हाडावर त्याला भेटायला कोण आलं? देवाला जन्म देणारा बाप. आता बघा माउली, एक बाप जन्म दिलेला, एक बाप वाढवणारा. दोघं समोरासमोर. त्या बिचाऱ्यानं इचारलं, लेकरू बरं हाय ना? तुलाच बाप म्हणतंय ना?"

बुवांनी इथे चाल लावली. टाळकरी वाजवत राहिले, पण एका टाळाचा आवाज त्यातून कमी झाला. कमळाकरांचे हात तसेच वर धरलेले होते. बायकांच्या बाजूला कुणाली खाली मान घालून पदराशी काहीतरी चाळा करत होती. दोघांच्या मधे वीस हात जागा आणि बसलेला सगळा गाव. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. बुवांनी विठ्ठलनामाचा गजर केला, सगळे उठले, दहीहंडी फुटली, आणि प्रसादाच्या रांगेत ती म्हणाली, "काका, तुम्ही पुढं व्हा."

दुसऱ्या वर्षीची फी तिने त्यांच्याकडून घेतली नाही. बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं. सहीसाठी फॉर्म घरी आला, त्यावर नात्याच्या रकान्यात तिनेच आधी काका लिहून ठेवलं होतं. कमळाकरांनी सही केली. "माझ्याकडं होते की पैसे," ते हळूच म्हणाले. ती म्हणाली, "तुमच्यावर किती भार टाकायचा." त्यांनी तिच्यासाठी वर्षभर ओव्हरटाइम करून ठेवलेले पैसे पोस्टातच राहिले.

पुढे भावेशने कल्याणहून पोथीसाठी चेनची पिशवी आणली, जांभळ्या रंगाची, वर देवाचं चित्र. प्रेमाने आणली होती, त्याला मी दोष देत नाही. कागदांसाठी प्लॅस्टिकची फाइल आली. जुना फॉर्म कुणी फाइलीत घेतला नाही, तो माझ्यातच राहिला, आणि मला माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत टाकलं. तिथे मी दोन वर्षं होतो. सप्ताहाचा पखवाज पेटीतही ऐकू यायचा, पण शब्द यायचे नाहीत. मी ज्याची वाट बघत होतो तो शब्दही नाही.

२००९ च्या जानेवारीत एका रविवारी पेटी उघडली. कुणाली होती. आता ती पुण्यात दूध तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिच्या हातात एक फॉर्म होता, आणि तसला फॉर्म मी लगेच ओळखला. तिने माझ्यातला जुना कागद काढला आणि दोन्ही घेऊन, मला खांद्यावर टाकून, खाली आली. कमळाकर जेवायला बसले होते.

"काका, हे तुमी खोडलंत?"

त्यांनी कागद बघितला. "मीच."

"का?"

त्यांनी सुंदराबाईंकडे बघितलं. सुंदराबाई कागदाकडे वाकल्या आणि मग सरळ झाल्या.

"माझ्याकडं काय बघता? मी हा कागद आजच बघते. तीन वर्षं पोरगी पाहुणीसारखी येते न जाते. मी इचारलं तर ही म्हणते काय नाय, न तुमी म्हणता नियमात नाय बसलं. आता बोला. भात निवला तर निवला."

कमळाकरांना नीट सांगता आलं नाही. ते आधी साईनाथचं बोलले, मग जीपमधल्या म्हातारीचं, जिचा काही संबंध नव्हता. मग म्हणाले, "तो म्हणाला, मधलं नाव झाक. बुधूनं पट्टी ठेवली. कागद आला, त्यात देवजी नव्हता. नुसती पांढरी जागा." त्यांनी ताटात बघत पुढचं सांगितलं. "मी मुलगी लिहिलं असतं तर त्याला पुसायला लागत होतं. कागदावर एकच बाप मावतो गो. तो त्याचा हाय. माझं काय, मी घरात हाय."

कुणाली तिथेच जमिनीवर बसली. "मला वाटलं, तुमी मला मोजलं नाय."

"अठ्ठावीसशे भरले की," ते म्हणाले. "जास्तीचे. देवजीला झाकला असता तर वाचले असते."

ती रडली. सुंदराबाईही रडल्या आणि रडता रडता त्यांनी भात परत गरम करायला घेतला. काही वेळाने कुणालीने नाक पुसलं आणि हातातला नवा फॉर्म पुढे केला.

"माझ्यापण ऑफिसात हेच हाय. तुमच्या दोघांच्या आजारपणाचा विमा काढायचाय. तो आई-वडिलांचा असला तरच सूट. सगळे म्हणतात, लिही वडील, कोण इचारतंय." पुण्याची भाषा तिच्या तोंडून गेली होती. "मी काय लिहू, तेच इचारायला आले होते."

"काय लिवणार?"

"काय नाय लिवणार. विमा काढते. सूट नको."

"किती जातील?"

"हजारभर."

कमळाकरांनी पहिला घास घेतला. "स्वस्तात सुटलीस माझ्यापेक्षा."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी कान देऊन होतो. ती त्यांना काकाच म्हणाली. "काका, चहा घ्या. काका, टाळाची दोरी तुटलीय, बदलू का." पेटीत जायच्या आधी जी हाक ऐकून माझं कापड आतून आवळायचं, तीच हाक. पण आता ती हाक मारून ती निघून जात नव्हती, तिथेच बसत होती. बाबा हा शब्द पुन्हा आला नाही. सोमवारी ती पहाटेच्या जीपने गेली. कमळाकरांना त्याचं काही वाटलं की नाही, मला माहीत नाही. मला अजून वाटतं. विठूबुवांची कीर्तनं आता थांबली, आवाज गेला त्यांचा, तशी ती बाबा ही हाकही माझी ऐकायची राहून जाईल बहुतेक.

मित्रांनो, मी आता जुनं कापड आहे. तुमच्या घरी असं एखादं बासन असेल तर त्याला ऊन दाखवा, उसवलं असेल तर चार टाके घाला. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. माझ्यात तुम्ही सातबारा ठेवा, दाखला ठेवा, फीची पावती ठेवा, मी वाळवीपासून आणि ओलीपासून जपेन. मनातली गोष्ट माझ्यात ठेवू नका. ती मी जपतो, पण ज्याची त्याला देऊ शकत नाही. ती तोंडाने सांगा, आणि ज्याला सांगायची तो समोर जेवत असेल तर त्याचं जेवण होईपर्यंतही थांबू नका. भात काय, परत गरम करता येतो.